पदर उडाला तो शॉट

माझ्या सासू-सासऱ्यांनी एक पिक्चर काढला होता आणि तो दणकून आपटला होता, ही गोष्ट मला लग्नाआधी कुणी सांगितली नाही. होणाऱ्या जावयाला घरातला मधुमेह सांगतात, गावाकडचा कोर्टातला दावा सांगतात, पण पडलेला पिक्चर सांगत नाहीत. मला ती कळली पहिल्या दिवाळसणाला, पंगतीत. चुलतसासऱ्यांनी श्रीखंडाची वाटी माझ्याकडे सरकवत विचारलं, "मग, वहिनींचा पिक्चर दाखवला की नाही जावईबापूंना?" आणि पंगतीतला एकूणएक माणूस आपापल्या पानात बघू लागला. सासूबाई वाढता वाढता स्वयंपाकघरात गेल्या त्या मठ्ठा संपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी बोटीवरचा माणूस, मरीन इंजिनिअर. लपवाछपवी मला सोसत नाही, कारण इंजिन रूममध्ये एकाने काही लपवलं की दुसऱ्याचा हात भाजतो. घरी परतताना बायकोला सरळ विचारलं. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "आईसमोर विषय काढू नकोस. बाबांसमोर काढलास तर चालेल, पण मग तास गेला समज."

मी अर्थातच सासऱ्यांसमोर काढला. तास कसला, अख्खी दुपार गेली, आणि फार मजेत गेली.

पिक्चरचं नाव मी इथे लिहीत नाही, सासऱ्यांची तशी अट आहे. जाहिरातीत 'मानसशास्त्रीय रहस्यपट' असं छापलं होतं. ते वाचूनच निम्मं पुणं घरी बसलं असणार, असं माझं मत आहे. सासरे तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवत, सासूबाई हौशी नाटकांतून कामं करत, आणि लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. दोघांनी मिळून गोष्ट लिहिली. त्यांनी दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही स्वतःच धरला, या नायिका झाल्या, आणि एका मित्राच्या लोणावळ्याच्या बंगल्यात शूटिंग झालं. जिकडेतिकडे रंगीत पिक्चर निघत होते तरी यांचा काळापांढरा. "भीतीला रंग नसतो," असं सासरे आजही म्हणतात. रंगीत फिल्म आवाक्याबाहेर होती, असं बायको म्हणते.

गोष्ट अशी. एक तरुण विधवा बंगल्यात एकटी राहते. नवरा घाटातल्या अपघातात गेलेला. भिंतीवर त्याची तसबीर, तसबिरीला हार. आणि तिला त्याच्या कोल्हापुरी वहाणांचा आवाज ऐकू येत राहतो, कर्र, कर्र, जिन्यावरून खाली. नवरा जिवंत आहे का? की दीर तिला वेडी ठरवायला बघतोय? शेवटी कळतं की भ्रमाच्या भरात ती स्वतःच त्याच्या वहाणा पायात घालून घरभर हिंडते आहे. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "मग पडला कसा?"

"वाऱ्यामुळे," सासरे म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

वाऱ्याचं पुढे बायकोने सांगितलं. मेलेल्या नवऱ्यासाठी वेगळा नट कशाला, म्हणून भिंतीवरची तसबीर खुद्द सासऱ्यांची लावली होती. झालं, सासूबाई अडून बसल्या. नवरा कॅमेऱ्यामागे धडधाकट उभा आणि मी त्याच्याच तसबिरीला हार घालायचा, तोही मोकळ्या गळ्याने? कुंकू आणि बांगड्यांवर कशीबशी तडजोड झाली, पण मंगळसूत्र उतरेना. शेवटी ते ब्लाउजच्या आत सारून वरून पदर घट्ट लपेटून घ्यायचा, असं ठरलं. सगळा पिक्चर त्या पदराच्या भरवशावर चालला होता. मध्यंतराच्या जरा अलीकडे वहाणांच्या आवाजाला घाबरून नायिका धावत खिडकीशी येते, खिडकी उघडते, वारा आत घुसतो, पदर उडतो, आणि धावपळीत बाहेर आलेलं मंगळसूत्र वाट्यांसकट भल्या मोठ्या पडद्यावर.

पहिल्याच खेळाला पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो वहिनी, भाऊ जिवंत आहेत की!" सगळं थिएटर हसलं. आपल्या माणसांना मंगळसूत्र दिसलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. नवरा जिवंत आहे आणि बाईला ते पक्कं ठाऊक आहे, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. मग उरलेला पिक्चर ते नवरा कुठल्या कपाटातून बाहेर येतो याची वाट बघत बसले. शेवटी तो खरोखरच मेलेला निघाला, तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटलं. पुढच्या शुक्रवारी त्या थिएटरला दुसरा पिक्चर लागला. सासरे फिजिक्सकडे परतले आणि त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. सासूबाईंनीही तोंडाला पुन्हा रंग लावला नाही.

आता आम्ही सिंगापूरला असतो. मी बोटीवरची नोकरी सोडून दुरुस्तीला येणाऱ्या बोटींकडे बघतो, बायको वन-नॉर्थला एका कंपनीत आहे, आणि आमची दहा वर्षांची कन्या शाळेतली सिंगापुरी इंग्रजी घरीही मराठीत मिसळून बोलते. पुंगोलला आमचा फ्लॅट आहे. सासू-सासरे दरवर्षी थोडे महिने येऊन राहतात. सासऱ्यांच्या पायात अजून करकरणाऱ्या कोल्हापुरी असतात. इथल्या मेट्रोत, म्हणजे एमआरटीत, ते चढले की डब्यातली माणसं मोबाईलमधून मान वर काढतात.

यंदा ते यायच्या आधी बायकोच्या मामेभावाला पिक्चरची एक प्रिंट सापडली. तंबू थिएटर चालवणाऱ्या कुणाच्या तरी गोदामात धूळ खात पडली होती. त्याने ती कुठूनशी कॉम्प्युटरवर उतरवून आणली आणि फाईल सासऱ्यांच्या हाती दिली. सासरे ती पेनड्राइव्हमध्ये घालून, पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून सिंगापूरला आले. मी म्हटलं, लावूया का टीव्हीवर? तर म्हणाले, "पिक्चर घरात बसून बघायचा नसतो. चार अनोळखी माणसं शेजारी हवीत. नाहीतर घाबरलो की नाही ते कळणार कसं?"

बायकोने एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. बिशानला आमच्या एका मित्राचा कॉन्डो आहे, तिथली फंक्शन रूम तिने रविवारी दुपारसाठी मिळवली आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. सासरे त्या दिवसापासून दाढी दोनदा करू लागले. सासूबाईंनी मात्र येणार नाही असं जाहीर केलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी त्या आदल्या दिवशी टेक्का मार्केटात गवारीसाठी दोन फेऱ्या मारून आल्या होत्या.

ती गवार मोडत त्या बसल्या होत्या तेव्हा मी समोर जाऊन बसलो आणि एक मूठ उचलली. मला गवार मोडता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी माझ्यापुढचा ढीग निमूटपणे परत ओढून घेतला.

"तुम्ही तरी तुमच्या बायकोला सांगा," त्या म्हणाल्या. "मला त्या खोलीत बसवू नका. लोक पुन्हा हसणार."

"हसले तर हसले, आई. इतक्या वर्षांपूर्वीचा पिक्चर."

"पिक्चर यांचा होता." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "हा माणूस आणखी दहा पिक्चर काढणार होता. वह्यांवर नुसते शॉट काढत बसायचा. एक नाही काढला पुढे. माझ्यापायी. एका काळ्या पोतीचा हट्ट केला मी, आणि त्यांचं सगळं बुडवलं."

"बाबा असं म्हणाले?"

"तेच तर. एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर भांडून मोकळी झाले असते."

मला त्यांची फार माया आली. एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणारी ही बाई इतकी वर्षं हे एकटीच उरात घेऊन बसली होती, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. माया आली की मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही येणार नसाल तर मीपण येत नाही. आणि प्रोजेक्टर मला एकट्यालाच जोडता येतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर जेवणाला मुकला असता. पण रविवारी त्या आल्या. नऊवारी नाही, पण ठेवणीतली साडी नेसून आल्या.

फंक्शन रूमला एक भिंत सगळी काचेची होती आणि पलीकडे स्विमिंग पूल. पडदे होते, पण ते फक्त शोभेचे. भर दुपारी भीती कशी वाटणार, म्हणून मी आणि मित्राने काळ्या कचऱ्याच्या पिशव्या फाडून सगळ्या काचेला चिकटवल्या. सासरे मागे हात बांधून देखरेख करत होते. "वरच्या कोपऱ्यातून उजेड येतोय," एवढंच दर थोड्या वेळाने म्हणत होते. मंडळी जमली. बटाटेवडे आले, करी पफ आले, चहाचा मोठा थर्मास आला. मोठी माणसं खुर्च्यांवर, मुलं खाली जमिनीवर, अगदी पडद्याच्या पायाशी. आमची कन्या आजीच्या खुर्चीला टेकून बसली होती. सासरे सगळ्यांच्या मागे भिंतीशी उभे राहिले. खुर्ची दिली तरी घेईनात.

पिक्चर सुरू झाला, आणि मला पहिला धक्का बसला तो सासूबाईंना बघून. मला ठाऊक असलेली बाई भाजी चिरते, हिशेब तोंडी करते आणि जावयाला धाकात ठेवते. पडद्यावरची मुलगी जिन्याच्या कठड्याला धरून नुसती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांवरून नजर हलत नव्हती. एवढी गुणी नटी आमच्या घरात गवार मोडत बसली होती. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या, मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

वहाणा वाजू लागल्या. कर्र, कर्र. खिडकीचा सीन जवळ येत होता. खुर्चीतल्या सासूबाईंनी पदर गळ्याशी ओढून घेतला. पडद्यावर त्या धावत खिडकीशी आल्या, खिडकी उघडली, वारा आला. पदर उडाला. मंगळसूत्र दिसलं.

मागच्या खुर्च्यांवरून एक काका फिसकन हसले. "अहो, हिचा नवरा तर..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. खाली बसलेली सगळी पोरं एकदम मागे वळली.

"अंकल, डोन्ट लाफ लाह," एक मुलगा चिडून म्हणाला. "शी सो स्केअर्ड, यू स्टिल लाफ."

काका ओशाळले. त्यांच्या बायकोचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, गळा मोकळाच होता. आणि मला तेव्हा लख्ख कळलं की या पोरांना त्या काळ्या मण्यांचा काही म्हणजे काही अर्थ लागत नव्हता. त्यांच्या आया मंगळसूत्र लग्नकार्याला घालतात आणि एरवी लॉकरमध्ये ठेवतात. त्यांच्या लेखी तो एक नेकलेस होता. त्यांना दिसत होती एक घाबरलेली बाई, उघडी खिडकी, आणि जिन्यावरून खाली येणाऱ्या वहाणा.

त्यानंतर खोली शांत झाली. बोटीचं इंजिन अचानक बंद पडलं की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो, तशी ती शांतता होती. वडे कुणी खाईना. एक छोटी मुलगी रांगत रांगत जाऊन आईच्या मांडीवर चढली. मोठी माणसंही पुढे सरकून बसली, कारण पोरांची भीती त्यांनाही लागली होती. शेवटी कॅमेरा जिन्यावरच्या वहाणांवरून हळूहळू वर सरकतो आणि साडीचा काठ दिसतो, तेव्हा पोरांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरून कॉन्डोचा सिक्युरिटी गार्ड दार उघडून बघायला आला. माझ्या मुलीने आजीचा हात घट्ट धरला, मग पडद्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि हात सोडून माझ्याकडे पळाली.

मी मागे बघितलं. सासरे भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी घाबरलं होतं.

पिशव्या फाडून उजेड आत घेतला तेव्हा पोरांनी सासऱ्यांना गराडा घातला. वहाणांचा आवाज कसा केला? सासरे म्हणाले, "तो हिने केला. माईकसमोर बसून दोन्ही हातांनी माझ्या वहाणा दाबायची." तसबिरीतला माणूस कोण? "मी." ऐकून पोरं दोन पावलं मागे सरकली. सासऱ्यांना तो दिवाळीहून मोठा सण झाला होता.

माझी मुलगी एव्हाना धीर करून आजीकडे परतली होती. तिने विचारलं, "आजी, पण तू नेकलेस का हाइड करत होतीस? होल मूव्ही यू होल्डिंग युअर साडी."

मोठ्या माणसांची बोलणी थांबली.  सासूबाई सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात, रंगमंचावरून बोलावं तसं म्हणाल्या, "ते दिसायला नको होतं, बाळा. मी काढायला हवं होतं. मी काढलं नाही, म्हणून आजोबांचा पिक्चर पडला."

"कोण म्हणतं?" सासरे गराड्यातून म्हणाले.

"मी म्हणते."

"अगं, मी कॅमेऱ्यातून बघत होतो. आंधळा होतो का? पदर उडाला तेव्हाच दिसलं मला."

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग कट का नाही म्हणालात?"

"कट म्हणालो असतो तर पुन्हा घ्यावा लागला असता. आणि या खेपेला ते काढ, असं तुला सांगावं लागलं असतं." सासरे चष्मा पुसू लागले. "भिंतीवर तसबीर माझी, तिला हार तुझ्या हातचा. मलाच नको वाटलं. म्हटलं, असू दे."

"आणि पुढे एकही पिक्चर काढला नाहीत तो?"

"तू पुन्हा काम करायला तयार नव्हतीस. मला वाटलं, माझ्यामुळे लोक तुला हसले, म्हणून. दुसरी कुणी घेऊन कशाला काढायचा?"

मला वाटलं आता सासूबाई रडणार. त्यांनी पर्स उचलली. "इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मेले माझ्या मनात, आणि हा माणूस चहा पीत बसला होता." एवढं बोलून त्या लिफ्टकडे निघाल्या. बिशानपासून पुंगोलपर्यंत त्या सासऱ्यांशी अवाक्षर बोलल्या नाहीत. एमआरटीत त्यांच्यापासून दूरची सीट पकडली. पण सासरे उतरताना दाराशी जरा अडखळले, तर गर्दीतून पुढे होऊन त्यांचा दंड धरला तो सासूबाईंनीच, आणि मग तो घरापर्यंत सोडला नाही. अबोला तिथेच सुटला आणि भांडण सुरू झालं. खाली कर्र, कर्र वाजत होतं आणि वर सासूबाईंची बोलणी. इतक्या आनंदाने भांडणारी माणसं मी दुसरी बघितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या माझ्या मुलीने फर्मान काढलं की पार्ट टू हवा. कॅमेरा म्हणजे तिच्या आईचा मोबाईल, दिग्दर्शक ती स्वतः. गोष्ट तिनेच ठरवली होती. मेलेला नवरा परत येतो आणि आमच्या पुंगोलच्या फ्लॅटची बेल वाजवतो. पहिल्या पिक्चरमध्ये सासरे नुसतेच तसबिरीत होते, या वेळी त्यांना काम मिळालं. ते वहाणा घालून बाहेर कॉरिडॉरमध्ये लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. मी दिवे सांभाळायला, म्हणजे ट्यूब बंद-चालू करायला. सासूबाई तयार होऊन आल्या. पदर साधा पाठीवर, आणि मंगळसूत्र चांगलं वर, साडीवर.

बाहेर वहाणा वाजल्या. बेल वाजली. सासूबाईंनी थरथरत दार उघडलं, समोर सासरे उभे, डोळे वटारलेले, केसांवर माझ्या बायकोने पावडर टाकलेली. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं.

"कट! आजी, यू मस्ट बी स्केअर्ड. ही इज डेड, व्हॉट."

पुन्हा वहाणा, पुन्हा बेल, पुन्हा दार. पुन्हा हसू. काही केल्या त्यांना भिता येईना. जिन्याचा कठडा धरून एक अख्खी खोली गप्प करणारी ती नटी दाराला धरून डोळे पुसत हसत होती. "मला भीतीच वाटत नाही याला बघून," त्या म्हणाल्या, "दारात उभा दिसला की बरंच वाटतं, त्याला मी काय करू?" समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी दार किलकिलं करून बघत होत्या, त्याही हसू लागल्या.

माझ्या मुलीने वैतागून मोबाईल खाली केला. "आजोबा, असं केलं तर स्केअरी होणारच नाही. हाऊ?"

सासरे उंबऱ्यावर उभे होते, पावडर नाकावर आलेली, सासूबाईंकडे बघत. "असू दे," ते म्हणाले. "हाच ठेव."